वाचक विचारतात : पुढच्या काचेच्या रबराखालचा गंज

प्रश्न (लातूर) : माझ्याकडे 1999 ची मारुती ओम्नी आहे. पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, रबराला लागून, रंगाला फुगे आले आहेत. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तेवढा भाग घासून, पुट्टी भरून, रबराला टेप लावून रंग मारून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर फुगे परत आले. आता पूर्ण गाडी रंगवायची आहे. त्यासाठी काच काढलीच पाहिजे का? आणि आपल्याकडे पाऊस तो केवढा, तरी एवढा गंज येतो कुठून?

उत्तर : काढलीच पाहिजे. टेप लावून मारलेला रंग रबराच्या कडेपाशी थांबतो आणि गंज सुरू होतो तो त्या कडेच्या आत. काचेच्या चौकटीला चारही बाजूंनी पत्र्याची एक उभी पट्टी असते, दोन-तीन पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेली. रबराच्या एका खाचेत ही पट्टी बसते, दुसऱ्या खाचेत काच. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसत असेल तर आत पट्टी वीतभर खाल्ली गेली आहे असं धरूनच कामाला लागा. मागच्या वेळी भरलेल्या पुट्टीने उलट नुकसान केलं. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते आणि गंजक्या पत्र्यावर ओल्या फडक्यासारखी बसून राहते.

पावसाचं म्हणाल तर मराठवाड्यात कोकणाच्या साधारण चौथा हिस्सा पाऊस पडतो हे खरं. पण गंजाच्या दृष्टीने पाऊस किती पडला यापेक्षा ओल किती वेळ टिकली हे महत्त्वाचं. आपल्या उन्हाने रबर कडक होतं, आकसतं आणि कोपऱ्यात पत्र्यापासून सुटतं. त्या फटीत काळ्या रानाची पिठासारखी धूळ शिरते. एक सर आली की तिचा चिखल होतो. वर पत्रा चटका देत असला तरी रबराखालचा तो चिखल चार-चार दिवस वाळत नाही. त्यात गाडी बोअरच्या जड पाण्याने धुतली की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. काच काढल्यावर खालच्या खाचेत बोटभर रुंदीची काळी, दाबून बसलेली वडी निघते, आणि तिच्याखाली पत्र्याचे पापुद्रे.

काच काढायचं काम दोन माणसांचं, धरायला तिसरा असला तर उत्तम. गाडी सावलीत घ्या. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. आधी काचेची चारही बाजूंनी तपासणी करा. कडेपासून निघालेली केसाएवढी तड जरी असली तरी काढताना ती पुढे धावणार, हे मालकाला आणि मिस्त्रीला दोघांनाही आधी माहीत असावं. मग वायपरचे हात आणि काचेला लावलेला आरसा काढा, डॅशबोर्डवर जाड गोधडी टाका. दरवाजांच्या काचा उघड्या ठेवा, कारण बंद गाडीत दरवाजा आपटला की आतली हवा सैल झालेल्या काचेला बाहेर ढकलते.

आता खरा निर्णय. जुनं रबर वाचवायच्या भानगडीत पडू नका. वीस-पंचवीस वर्षं ऊन खाल्लेलं रबर परत बसवलं तर ते गळणारच, आणि नवं रबर नव्या काचेपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. काही रबरांत मधोमध लॉकची बीडिंग, म्हणजे रबर घट्ट धरणारी बारीक पट्टी, असते. तिचा जोड शोधून ती आधी ओढून घ्या. मग धारदार कटरने बाहेरची रबराची कड काचेच्या किनाऱ्यालगत पूर्ण फेरी मारून कापा. ब्लेड काचेकडे टेकलेलं हवं, पत्र्याकडे नको. ब्लेडचा ओरखडा पत्र्यावर उठला की पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. रबर कापून झालं की एकाने आत बसून वरच्या दोन कोपऱ्यांजवळ पसरलेल्या तळव्यांनी हळूहळू दाब द्यायचा आणि बाहेरच्या दोघांनी काच झेलायची. आत आडवं पडून दोन्ही पायांनी काचेच्या मध्यावर रेटा देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली दुहेरी काच एका जागी पडलेल्या जोराने तिथेच फुटते, म्हणून ते टाळा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं तर अजिबात नाही. कडेचा तांदळाएवढा टवका त्या क्षणी दिसत नाही, पण काच बसवल्यावर आठ दिवसांनी त्यातूनच तड निघते.

काढलेली काच जमिनीवर आडवी ठेवू नका. दोन लाकडी ठोकळ्यांवर गोणपाट टाकून, तिच्या लांब कडेवर, भिंतीला जवळजवळ उभी टेकवा. थिनरचे डबे आणि थिनरची फडकी तिच्यापासून दूर ठेवा. दोन काचांमधला प्लॅस्टिकचा थर कडेने उघडा असतो. त्यात थिनर शिरला की कडा दुधाळ होतात आणि मग त्यावर इलाज नाही.

चौकट आधी कोरड्या ब्रशने साफ करा, मग ओल्या फडक्याने पुसा. टोकदार दाभण किंवा खिळा घेऊन पट्टीवर दर इंचाला टोचत पूर्ण फेरी मारा. चांगला पत्रा खणकतो आणि सडका बद्द वाजतो, टोक आत जातं. जिथे टोक जात नाही पण खड्डे आहेत, तिथे नुसत्या वायर ब्रशवर थांबू नका. वायर ब्रश गंज चकचकीत करतो, काढत नाही. 80 नंबरच्या पेपरने किंवा फ्लॅप डिस्कने गंज जाऊन पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक अॅसिडचं गंजनाशक लावा. डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर ते धुऊन काढा, गरम हवेने खाचाखोचा पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. अॅसिड उरलं तर एपॉक्सी नीट धरत नाही. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर घामेजल्या हातांचे ठसे सकाळी त्यावर गंजून उमटलेले दिसतात.

प्रश्न (जिंतूर) : काच काढली तर खालच्या पट्टीला दोन्ही कोपऱ्यांत भोकं निघाली. एका बाजूला चार इंच पट्टी उरलेलीच नाही. वेल्डिंगवाले म्हणतात, जुन्यावरच नवा पत्रा ठोकून वेल्ड करू, मजबूत होईल. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मजबुतीची अडचण नाही, अडचण जाडीची आहे. रबराची खाच कंपनीच्या पट्टीच्या जाडीला मापून केलेली असते. जुन्यावर नवा पत्रा चढवला की तेवढ्या भागात पट्टी जाड होते, रबर तिथे फाकतं आणि काच त्या कोपऱ्यात उचलली जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीची बॉडी थोडी पिळवटते आणि सगळा ताण त्या उंचवट्यावर येतो. कोणताही दगड न लागता कोपऱ्यातून तडकलेल्या काचांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला जुना गंज आतून आपलं काम चालूच ठेवतो.

सडकं कापून काढा, तेही चांगल्या पत्र्यात 10 ते 15 मि.मी. आत जाऊन. त्याआधी मोठ्या जाड कागदावर चौकटीचा साचा घ्या. वर-खाली आणि दोन्ही कर्णांची मापं लिहून ठेवा आणि पट्टीची जाडी चांगल्या ठिकाणी कॅलिपरने मोजा. एकदा कापलं की पुन्हा मोजायला काही उरत नाही, म्हणून हे अर्ध्या तासाचं काम टाळू नका. दोन्ही कोपरे एकदम कापू नका. एक पूर्ण करून मग दुसरा घ्या, म्हणजे चौकटीचा आकार हलत नाही.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, 0.8 मि.मी. म्हणजे साधारण 22 ते 20 गेजच्या मधला. जालना लोखंडासाठी प्रसिद्ध असलं तरी ती लोखंडी सळई; बॉडीचा सीआर पत्रा वेगळा मागावा लागतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नका. वेल्डिंगमध्ये त्याचं जस्त जळतं, त्याचा धूर घेणाऱ्याला ताप भरतो आणि जोडही सच्छिद्र राहतो. मूळ पट्टीत जितके थर होते तितकेच थर नव्या तुकड्यात हवेत. जोड टोकाला टोक भिडवून करा, एकावर एक चढवून नाही.

वेल्डिंग सीओटूच (गॅस आणि तारेचं) करा. 0.8 मि.मी. ची तार चालते, 0.6 मिळाली तर बारीक पत्र्यावर जास्त ताबा राहतो. साध्या रॉडच्या मशीनने एवढा पातळ पत्रा जळून भोक मोठं होतं. सलग ओढू नका. 20-25 मि.मी. अंतरावर एकेक टाका द्या, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि मध्ये पत्रा आपोआप गार होऊ द्या. पाणी मारून गार केला तर तो पिळतो. शेवटी ग्राइंडरने दोन्ही बाजू सपाट करून कॅलिपर पुन्हा लावा आणि पट्टीवरून बोट फिरवा. बोटाला जो फुगवटा जाणवतो तो काचेलाही जाणवणार. या पट्टीवर पुट्टीचा एक कणही नको.

सुरक्षेचं एक काम वेल्डिंगआधीच करायचं. बऱ्याच जुन्या ओम्नींना एलपीजीचं किट बसवलेलं असतं. ती टाकी गाडीतून काढून बाहेर नेल्याशिवाय ठिणगी पाडू नका, नळी बंद केली आहे एवढ्यावर भागवू नका. बॅटरीच्या तारा सोडा, छताचं कापड कोपऱ्यातून मागे घ्या, डॅशबोर्डमागची वायरिंग बाजूला बांधा. पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. वेल्डिंग झाल्यावरही तासभर माणूस गाडीजवळ हवा, कारण छताच्या फोममध्ये ठिणगी धुमसत राहते.

प्रश्न (अंबाजोगाई) : काच काढून पत्राकाम झालं आहे. मुलांच्या सुट्ट्या आहेत म्हणून मे महिन्यातच रंगकाम उरकायचा विचार आहे. गाडीवर आधी कुणीतरी बाहेरून रंग मारलेला आहे, त्यावरच पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तर चालेल का? पांढऱ्याची निळी करायची आहे.

उत्तर : जमत असेल तर मे टाळा. 40-42 अंशांत पत्रा हाताला चटका देतो, थिनर गनमधून पत्र्यापर्यंत पोहोचेपर्यंतच उडतो आणि रंग कोरड्या पिठासारखा खरखरीत बसतो. दुपारनंतर वावटळी उठतात त्या वेगळ्याच. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ आपल्याकडे रंगकामाला सर्वांत चांगला. मे महिन्यातच करायचं असेल तर सकाळी सात ते दहा, बंद शेडमध्ये, आणि थिनर उशिरा उडणारा मागून घ्या. काम सुरू करण्याआधी अर्धा तास जमिनीवर पाणी मारा, धूळ बसते. मृग लागल्यावरच्या दमट हवेत मात्र थांबलेलं बरं.

जुना रंग कोणता आहे ते आधी तपासा. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन आतल्या बाजूला एका जागी मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला ड्यूको म्हणतात तो. रंग सुरकुतला तर इनॅमल. दोन्हींवर थेट पीयू मारला तर खालचा थर फुगून वरचा रंग आक्रसतो. असा रंग पूर्ण उतरवा. फडकं स्वच्छ राहिलं तर 320 नंबरच्या पेपरने घासून त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाआधी मारून घासून सपाट करायचा थर, चालेल.

क्रम असा ठेवा. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, नंतर पत्र्यांच्या जोडांत सीम सीलर, मग टू-के (हार्डनर मिसळायचा) सरफेसर, तो 400 आणि शेवटी 600 च्या पाणपेपरने घासायचा. मेटॅलिक असेल तर 800 पर्यंत जा. रंगाला 1.3 किंवा 1.4 चा नोझल, सरफेसरला 1.6 ते 1.8. हार्डनरचं प्रमाण त्या-त्या कंपनीच्या डब्यावर असतं, तेच मोजपात्राने घ्या. अंदाजाने 'थोडा जास्त' टाकलेला हार्डनर रंग ठिसूळ करतो. काचेच्या पट्टीवर रंग हवा, पण पातळ, दोनच हात. तिथे चार-पाच हात चढले की पुन्हा जाडीची अडचण उभी राहते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी दर सकाळी काढा. ते रंगात उतरलं की महिन्याभराने बारीक फोड दिसू लागतात.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क ते अजिबात अडवत नाही. एकदा त्याची अॅलर्जी लागली की जन्मभराचा दमा होऊ शकतो आणि मग रंगाच्या शेडमध्ये उभंही राहता येत नाही. पेंटरला बाहेरून हवा पुरवणारा मास्क द्या. ती सोय नसेल तर हे काम बूथ असलेल्या ठिकाणी द्या. स्वस्तातला रंग कुणाच्या फुप्फुसाच्या किमतीत नको.

पांढऱ्याची निळी करणार असाल तर आरसी बुकात रंगाची नोंद बदलावी लागते. रंग मारण्याआधीच आरटीओत त्यासाठी अर्ज करा. 15 वर्षांवरच्या गाडीला फेरनोंदणीच्या तपासणीत हा फरक लगेच पकडला जातो.

प्रश्न (उदगीर) : नवं रबर घालून काच बसवून घेतली, चारही बाजूंनी सिलिकॉनही भरलं. तरी पाऊस आला की ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. काय चुकलं असेल?

उत्तर : आधी गळती खरंच काचेची आहे का ते पाहा. एकजण आत टॉर्च घेऊन बसू दे. चौकटीच्या आतल्या बाजूला खडूची पूड किंवा पावडर लावा. बाहेरून पाइपचं पाणी हलक्या धारेने सोडा, सुरुवात सर्वांत खालून, एकेका जागी पाच मिनिटं थांबत वर जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पायाशी येणारं पाणी पुष्कळदा वायपरच्या दांड्याच्या तडकलेल्या रबरी बुचातून किंवा काचेखालच्या हवेच्या जाळीतून येतं, आणि दोष काचेवर जातो.

पावडर काचेच्या कोपऱ्यातच ओली झाली तर ते सिलिकॉन काढून टाका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं, आणि रंगाला कुठे ओरखडा असेल तिथे पत्र्याला गंज चढवतं. वर त्याचा अंश राहिला की पुढे तिथे रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. रबरात बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या काचेला न सुकणारं मॅस्टिक किंवा ब्यूटाइल सीलंट लागतं, तेही रबराच्या खाचेत आणि काच बसल्यावर बारीक नोझलने रबराच्या बाहेरच्या कडेखाली. वरून थापलेला थर दिसायला भरपूर वाटतो, पाणी त्याच्या मागूनच जातं.

पुन्हा बसवायची असेल तर रंग मारून निदान आठवडा झालेला असावा, नाहीतर रबर कच्च्या रंगाला चिकटतं. नवं रबर विकत घेताना जुन्याचा बोटभर तुकडा बरोबर न्या आणि दोन्ही खाचांची रुंदी जुळवा; एकाच गाडीच्या नावाने विकली जाणारी रबरं सारखी नसतात. रबर तासभर उन्हात ठेवा, ते मऊ होतं. आधी काचेला चढवा. पट्टीच्या खाचेत 4 मि.मी. ची गुळगुळीत नायलॉन दोरी पूर्ण फिरवा, तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर हातभर एकमेकांवरून जाऊ द्या आणि आत सोडा. खाचेला पातळ साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. ऑइल, ग्रीस, डिझेल लावलं तर रबर फुगतं. काच खाली नीट बसवून, डावी-उजवी फट सारखी करून, आतल्या माणसाने दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे ओढत जायचं. दोरी जिथे निघते आहे नेमक्या त्याच जागी बाहेरच्याने तळव्याने थोपटायचं. दोरी अडली तर जोर लावू नका, मागे जाऊन रबराची कड हाताने पट्टीवर घ्या. जिथे दोरी सारखी अडते तिथे पट्टीवर वेल्डिंगचा उंचवटा आहे असं समजा. काच काढा, तो घासा, उघड्या झालेल्या पत्र्याला एपॉक्सी लावा आणि मगच पुढे जा.

पाणी थांबल्याची खात्री झाली की खालच्या कोपऱ्यांत आतल्या बाजूच्या पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारा. जळकं इंजिन ऑइल ओतू नका, ते ओघळून रबर खातं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या नव्या व्हॅनला रबर दिसत नाही, काच काळ्या गोंदाने चिकटवलेली आहे. हीच पद्धत लागू होईल का?

उत्तर : नाही. ती काच युरेथेनने चिकटवलेली असते आणि बॉडीच्या मजबुतीचा भाग असते. ती तारेने कापून काढतात, चांगल्या पट्टीवर जुन्या युरेथेनचा एक-दोन मि.मी. चा थर मुद्दाम ठेवतात आणि नवा थर त्यावर घालतात. पत्रा उघडा पडला असेल तर आधी युरेथेन कंपनीने सांगितलेला प्रायमर. हे काम काच बसवणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या, आणि ट्यूबवर लिहिलेले तास पूर्ण होईपर्यंत गाडी जागची हलवू नका.